चौथ्या ध्रुवपदातला घाव

कानसेनला सगळं ऐकू येतं, शब्द तेवढे सोडून. हे त्याच्या धाकट्या बहिणीचं मत, आणि ती ते कुणासमोरही सांगते. लहानपणी आईने स्वयंपाकघरातून ओरडून काही आणायला सांगितलं की हा बसल्या जागेवरून उत्तर द्यायचा, "आई, तुझा घसा बसलाय आज." घसा खरंच बसलेला असायचा. आणायचं ते मात्र राहून जायचं. पुढे याच खोडीचा त्याने धंदा केला आणि पन्नाशीला येईपर्यंत त्यात नावही कमावलं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

त्याचा स्टुडिओ एका शिंप्याच्या दुकानाखाली, तळघरात. स्टुडिओ आपलं म्हणायचं. भिंतींवर जुन्या गाद्या ठोकलेल्या, गाद्यांवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, आणि कोपऱ्यात कपाटाएवढी काचेची खोली. गाणारा तिच्यात उभा राहतो आणि दहा मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर येतो. वर शिंप्याचं मशीन चालतं तेव्हा त्याची घरघर थेट माईकमध्ये उतरते. म्हणून वर दुकानात एक तांबडा बल्ब बसवलाय. बल्ब पेटला की शिंप्याने पाय थांबवायचा, विझला की चालू करायचा. तेवीस वर्षं हा करार तोंडी चाललाय. "तुझ्या सुरांपायी माझ्या किती बाह्या अधांतरी लोंबल्या, त्याचा हिशेब देव ठेवेल," असं शिंपी म्हणतो, पण पाय थांबवतो.

या तळघरात काय काय रेकॉर्ड झालं नाही? शाळांची गाणी, दंतमंजनाच्या जाहिराती, हरवलेल्या माणसांच्या घोषणा. निवडणुकीच्या दिवसांत तर सकाळी एका पक्षाचा माणूस येऊन दुसऱ्याला चोर म्हणून जायचा, दुपारी दुसऱ्याचा माणूस येऊन पहिल्याला दरोडेखोर म्हणायचा, आणि मधल्या वेळात कानसेन शांतपणे डबा खायचा. कुणी टोकलं तर त्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "शब्द गिऱ्हाइकाचे. आपण आवाज बघतो." सोयीचं उत्तर होतं. कानावर हात ठेवायचे आणि वर त्याच कानांचे पैसे घ्यायचे, असं त्यात दोन्ही जमायचं.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गाणं कुणी एका दमात गात नाही. एकेक ओळ पाच-सहा वेळा गाऊन घेतात, त्या प्रत्येक वेळेला टेक म्हणतात. गाणारा घरी गेला की रेकॉर्ड करणारा बसून त्यातले चांगले टेक निवडतो आणि जोडून एक अखंड गाणं शिवतो. कुठला तुकडा घ्यायचा हे बहुतेक वेळा त्याच्याच कानावर सोडलेलं असतं. आणि कानसेनच्या उस्तादाने त्याला एकच नियम शिकवला होता: न वापरलेला टेक पुसायचा नाही. कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही. कानसेनने आजवर एक खाकरणंसुद्धा पुसलेलं नाही.

ठसका त्याच्याकडे आली ती दवाखान्याच्या धुलाईघरातून. दिवसभर चादरी इस्त्री करायची आणि संध्याकाळी वहीत ओळी लिहायची. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला माईकसमोर एकदा ठसठशीत खोकायची, त्यावरून लोकांनी नाव पाडलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हडकुळी, आणि आवाज असा की काचेच्या खोलीचं दार उघडंच ठेवावं लागायचं. कानसेनला ती काका म्हणायची आणि त्याच्या डब्यातलं न विचारता खायची. त्याला ते आवडायचं.

तिच्या भावाला पोलिसांनी भर रस्त्यात मारलं होतं. हातगाडी कुठे लावायची यावरून बोलाचाली झाली आणि गणवेशातल्या एकाने काठीने त्याची पाठ काळीनिळी केली. ठसका तक्रार द्यायला गेली. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "कुणी मारलं? नाव सांगा." नाव कुणाला माहीत होतं? मारणाऱ्याने छातीवरची नावाची पट्टी आधीच काढून खिशात घातली होती. "नाव नाही तर तक्रार नाही," म्हणून खिडकी बंद झाली. ती तशीच तळघरात आली, काचेच्या खोलीत शिरली आणि एका दमात ध्रुवपद गायली:

गल्ली आमची, आमचं गाव,
दिसली काठी, घाल घाव.

कडव्यांचे बारा टेक आधीच झाले होते; हा तेरावा. शेवटच्या शब्दावर तिचा आवाज फाटला होता, पण असा फाटला होता की कानसेनच्या अंगावर काटा आला. तो म्हणाला, "वा." ती निघून गेली.

दोन दिवसांनी ती परत आली. डोकं थंड झालं होतं. "काका, परवाचं ते राहू दे. मी ओळ बदलली. घाव घालून काय होणार? उलट आपलेच आत जातील. मला त्या पट्टीबद्दल बोलायचंय. नाव विचारलं की त्यांना जास्त लागतं." ती हे सांगत होती तेव्हा कानसेन माईकच्या स्टँडचा ढिला स्क्रू आवळत होता. "हं, हं," तो म्हणाला. "जरा मागे सरक, श्वास आपटतोय." तिने नव्याने गायलं: दिसली काठी, विचार नाव. गाण्यात ध्रुवपद चार वेळा येत होतं. चारही जागी ती हेच गायली, खोकली आणि कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी कानसेन गाणं शिवायला बसला. तीन ध्रुवपदं छान बसली. चौथ्याच्या जागी सगळी वाद्यं थांबतात, एकटा ढोल आणि तिचा आवाज उरतो. तिथे त्याला 'विचार नाव' मिळमिळीत वाटलं. त्याने दुसरा टेक लावून पाहिला, तिसरा पाहिला. बरा होता. पण बरा म्हणजे काय? मग त्याला तेरावा आठवला. लावला. 'घाल घाव'चे दोन्ही 'घ' ढोलाच्या दोन ठोक्यांवर असे पडले की तो खुर्चीतून उठला, मांडीवर थाप मारली आणि त्या एवढ्याशा खोलीत दोन फेऱ्या घातल्या. ठसकाला ऐकायला पाठवलं. धुलाईघरात मशीनं धडधडत होती, तिने फोन कानाला लावला, दोन ध्रुवपदं होतात न होतात तोच मुकादम आला आणि फोन खिशात गेला. तिने लिहून पाठवलं, "एकच नंबर, काका. लोकांत सोडून द्या." कानसेनने सोडून दिलं.

गाणं पसरलं, आणि पूर्ण पसरतं तर बरं होतं. लोकांनी त्यातली शेवटची पंधरा सेकंदं कापून घेतली. 'विचार नाव' तीनदा होतं, ते कुणाच्या लेखी नव्हतंच. पंधरा दिवसांत 'घाल घाव' रिक्षात, न्हाव्याकडे, कॉलेजच्या भिंतीवर. फेरीवाले हटवले म्हणून चौकात मोर्चा निघाला, तेव्हा हजारभर माणसं तीच ओळ ओरडत होती. कानसेन दुकानाच्या पायरीवर उभा राहून ऐकत होता. त्याची छाती फुगली होती. ही गोष्ट त्याने पुढे कितीतरी दिवस स्वतःलाही सांगितली नाही, म्हणून इथे सांगून टाकलेली बरी.

त्याच मोर्चात कुणीतरी फुटपाथचा एक ठोकळा उचलला आणि गणवेशाच्या दिशेने भिरकावला. तो लागला एका हवालदाराच्या जबड्याला. हा हवालदार म्हणजे चौकात वाहतूक सांभाळणारा, येणाऱ्याजाणाऱ्याची थट्टा करणारा, शिट्टीपेक्षा तोंडाने जास्त काम करणारा माणूस. आणि कानसेनच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

जबडा दोन जागी मोडला. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, जेवण नळीने. दुसऱ्या दिवशी ठसकाला उचललं. लोकांना चिथावून पोलिसांवर हल्ला घडवला, हा आरोप.

त्या दिवसापासून कानसेनचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. खुर्चीत बसला की डावा पाय आपोआप हलायचा. पंख्याची कुरकुर ऐकू यायची, ती बंद केली की नळाची टपटप, नळ आवळला की शेजारच्या फ्रीजची गुणगुण. आयुष्यभर ज्या कानांची ऐट मिरवली ते आता एक क्षण स्वस्थ बसू देत नव्हते. जिन्यावर पाऊल वाजलं की तो उठून दाराकडे बघायचा. बहुतेक वेळा शिंपी असायचा. खाई त्याला खवखवे, पण याला तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

शिंपी सुईत दोरा ओवता ओवता मतं मांडायचा. "उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलायची मुभा आहे म्हणून काहीही बोलायचं का? त्या हवालदाराची काय चूक?" दुसऱ्या दिवशी तोच म्हणायचा, "पण गाण्यासाठी पोरीला आत टाकायचं म्हणजे जरा अतीच. गाण्याने का ठोकळा उचलला? आपण 'मरू दे' म्हणतो तेव्हा कोण मरतं?" कानसेन हो ला हो करायचा आणि जिना उतरायचा. उतरून पुन्हा चढायचा. काय आणायला वर आलो हे त्याला आठवायचं नाही.

धाकटीकडे तो रोज जायचा आणि बसायचा नाही. ती उकडलेल्या भाज्या मिक्सरमध्ये फिरवत असायची, पाणी घालून गाळायची, पुन्हा फिरवायची. "सडली पाहिजे ती भवानी तुरुंगात," ती म्हणायची. "कोर्टात सांगते म्हणे, ओळ बदलली होती. आवाज तिचा, शब्द तिचे, आणि ओळ कुणी बदलली, भुताने?" मग भांड्यावर चमचा आपटून विचारायची, "दादा, तुझ्याकडेच गायली ना ती? काय गायली ते तूच सांग की साहेबांना. एकदाची अडकू दे." कानसेन म्हणायचा, "बघू." आणि हवालदार खुर्चीत बसून नळीने ओढत राहायचा. बोलक्या माणसाचं घर एवढं गप्प झालेलं कानसेनला सोसवत नव्हतं. तो दहा मिनिटांत काहीतरी काम काढून निघायचा.

एका सकाळी जिन्यावर पाऊल वाजलं आणि तो शिंपी नव्हता. ठसकाची वकीलबाई होती. दम लागला होता, हातात फायलींची चळत.

"तुम्हीच रेकॉर्ड केलं ना? माझी अशील म्हणते, तिने शेवटी वेगळी ओळ गायली होती. मूळ टेक असतात म्हणे तुमच्याकडे, तारखांसकट."

"असतात," कानसेन म्हणाला, आणि जीभ चावली. "म्हणजे असायचे. बघावं लागेल. जुनं मशीन आहे."

वकीलबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग अंड्यांच्या ट्रेकडे. "सोमवारी तिला कोर्टात आणतील. त्याआधी बघा. ते टेक नसतील तर तिच्याकडे काहीच नाही."

त्या गेल्यावर त्याने फाईल उघडली. अठ्ठावीस टेक, प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ. तेराव्यापुढे खिडकी बंद झाली त्या दिवसाची, नव्यांपुढे दोन दिवसांनंतरची. आंधळ्यालाही कळलं असतं की तिने काय बदललं आणि बदललेलं कुणी परत फिरवलं. सगळं निवडून पुसायला अर्धं मिनिट लागलं असतं. मशीन बिघडलं, गेलं सगळं, अळीमिळी गुपचिळी. कोण विचारणार होतं? त्याने सगळं निवडून बटण दाबलं. मशीनने विचारलं, खरंच पुसायचं का? तो उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला, पुन्हा उठला. असं चार वेळा झालं. शेवटी त्याने 'नाही' दाबलं. तेवीस वर्षांच्या सवयीने दाबलं की आणखी कशाने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

सोमवारी तो कोर्टात गेला. तिथल्या बोळात बाकं कमी आणि माणसं फार. ठसका दोन महिला शिपायांच्या मध्ये बसली होती, अंगात कुणाचा तरी मोठा सदरा. वकीलबाईंनी आपल्या ओळखीने बोलायला दहा मिनिटं मिळवून दिली.

"काका, डबा नाही आणला?" ती म्हणाली.

त्याला हसता येईना. "अगं, मी..."

"मला माहितीये." तिने आवाज खाली आणला. "वकीलबाईंनी पूर्ण गाणं ऐकवलं. मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. एरवी नुसत्या घोषणा कानावर यायच्या, वाटलं लोकांनीच शब्द फिरवले. तिसऱ्या ध्रुवपदापर्यंत मी आहे. चौथ्यात परवाची मी आहे."

"मग तू त्यांना सांगितलं का नाहीस की मी लावलं?"

"तुमची बहीण कुणाकडे दिलीये ते मला माहीत नाही का? म्हटलं, काका स्वतः येतील. दोन आठवडे झाले."

कानसेन बाकाच्या कडेवर बसला होता, तो उठून उभा राहिला. "पण पोरी, म्हटलं होतंस ना तू? तुझ्याच तोंडचं आहे ते. मी काय मनाचं घातलं?" हे बोलताना त्याचा आवाज चिरकला आणि ते त्यालाच ऐकू आलं.

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "मनापासून म्हटलं होतं. त्यासाठी धरलं असतं तर मी मान खाली घातली नसती. पण काका, बोलायचा हक्क माझा, तसा बोललेलं मागे घ्यायचाही माझाच. दोन दिवस मी त्यापायी झोपले नाही. कसाबसा राग गिळला. तुम्ही तो माझ्या घशात हात घालून बाहेर काढलात आणि हजार माणसांत सोडलात. आणि वर म्हणता, तुझ्याच तोंडचं." ती खोकली. नुसतीच खोकली, गाणं नव्हतं. "कशाला लावलंत?"

"ढोलावर बसत होतं," कानसेन म्हणाला.

तेवढ्यात पुकारा झाला आणि तिला आत नेलं. आणखी पंधरा दिवसांची कोठडी मिळाली.

कोर्टातून तो घरी गेला नाही, तळघरातही नाही. चालत राहिला. तीन बस सोडल्या, एकीत चढला आणि पुढच्या थांब्यावर उतरला. दुपारी दोनच्या सुमारास तो धाकटीच्या दारात उभा होता. घंटा वाजवायच्या आधीच आतून मिक्सरचा आवाज येत होता.

"बरा आलास," धाकटी म्हणाली. "यांच्याजवळ बस जरा, मी हे गाळून घेते."

हवालदार खिडकीशी खुर्चीत होता, मांडीवर शाळेची शंभर पानी वही. बोलायचं असलं की त्यात लिहायचा, अगदीच घाई असली तर दातांच्या फटीतून पुटपुटायचा. कानसेन बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगायला सुरुवात केली आणि मग थांबता येईना. तेरावा टेक, बदललेली ओळ, चौथं ध्रुवपद, पायरीवरून ऐकलेला मोर्चा, कोर्टातली पोरगी. मिक्सर कधी बंद झाला त्याला कळलं नाही. धाकटी दारात उभी होती, हातातल्या गाळणीतून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"तू?" ती म्हणाली. "म्हणजे इतके दिवस मी त्या पोरीला शिव्या घालत होते आणि तू इथे बसून ऐकत होतास?"

"बसलो नाही मी," कानसेन म्हणाला. हे किती मूर्खासारखं उत्तर आहे, ते त्याला नंतर सुचलं.

धाकटीने गाळणी ठेवली, पुढे येऊन त्याचा दंड धरला, आणि जे बोलली ते त्याला अजिबात अपेक्षित नव्हतं. "दादा, कुणाला सांगू नकोस."

"अगं, ती पोरगी..."

"सुटेल ती. तिच्यामागे लोक आहेत, वकील आहे, पेपरवाले आहेत. तुझ्यामागे कोण आहे? शिंपी? तुला आत टाकतील. हे असे घरात, तू तसा तिकडे, आणि मी दोघांचे डबे नेऊ? पुसून टाक ते. मशीन बिघडलं म्हण. माझ्या गळ्याची शपथ आहे."

कानसेनला वाटलं, बसावं. खरंच बसावं, डोळे मिटावेत आणि हिने म्हटलं तसं करावं. लहानपणापासून तिने त्याला एवढं एकच ऐकवलं होतं की हा कुणाचं ऐकत नाही. आज ऐकावं. तो खुर्चीवर टेकला. सकाळपासून पहिल्यांदाच पाय हलायचा थांबला.

हवालदाराने वहीवर पेनाने टकटक केली.

"चौकीत," तो दातांतून म्हणाला. पुढचं लिहिलं आणि वही वर धरली. चौकीत जाल तर गडबडाल. तिथे लिहिणारा त्याच्या शब्दांत लिहितो. आधी तुमच्या शब्दांत लिहून न्या. सांगा, मी लिहितो.

"अहो!" धाकटी ओरडली. "तुमचा जबडा फोडला आणि तुम्ही जबाब काय लिहिताय?"

हवालदाराने तिच्याकडे पाहिलं. "ठोकळा गाण्याने नाही मारला," तो कष्टाने म्हणाला. "हाताने. हात सापडेल तेव्हा सापडेल." मग कोरं पान काढलं, वर तारीख घातली, वेळ घातली आणि वीस वर्षांच्या सवयीने समास आखला. मी खाली सही करणार, वय अमुक, धंदा रेकॉर्डिंगचा. कानसेन सांगू लागला. हवालदार लिहीत होता, त्याचं अक्षर मोठं आणि गोल होतं. मध्येच तो थांबला आणि समासात एक प्रश्न लिहून वही पुढे केली. तीन ठिकाणची ओळ चांगली होती. मग तीच चौथ्या ठिकाणी का नाही चिकटवली?

हा प्रश्न वकीलबाईंनी विचारला नव्हता. धंद्यातल्या माणसाने पहिल्यांदा हाच विचारला असता. कानसेनने तोंड उघडलं. माईक खराब होता, श्वास आपटला, वरचा बल्ब गेला होता आणि शिंप्याचं मशीन आत आलं. सगळी उत्तरं तयार होती, गेले दोन आठवडे त्याने ती पाठच केली होती.

"म्हण ना, चुकून झालं," धाकटी म्हणाली. "फायलींची अदलाबदल झाली म्हण."

"चिकटवता आली असती," कानसेन म्हणाला. "दुसरी मला जास्त आवडली. शब्दांकडे मी बघितलं नाही असं म्हणतो, पण बघितलं होतं. मला माहीत होतं काय म्हणतेय ती. लोक ओरडतील हेही माहीत होतं. आणि ते ओरडले तेव्हा मला बरं वाटलं." त्याला धाप लागली. "ठोकळा लागला तेव्हा नाही. त्याच्या आधी."

हवालदाराचं पेन क्षणभर कागदावर नुसतंच टेकून राहिलं. मग त्याने ते सगळं उतरवून घेतलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. शेवटची ओळ लिहिली, वही फिरवून कानसेनसमोर धरली आणि पेन तिच्यावर आडवं ठेवलं.

"वाचा," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं तसंच आहे का बघा. शब्द बदलायचा तर आता बदला."

कानसेनने वाचलं. पूर्ण दोन पानं, बोट ठेवून, एकेक शब्द. त्याच्या तळघरात हजारो माणसं बोलून गेली होती आणि त्यातल्या एकालाही त्याने असं समोर बसवून विचारलं नव्हतं. ठसकाने न विचारता येऊन सांगितलं, तेव्हाही तो स्क्रू आवळत होता. 'मला बरं वाटलं' या शब्दांपाशी त्याचं बोट थांबलं.

"तेवढं खोड, दादा," धाकटी हळूच म्हणाली. "तेवढं एकच. कुणाला कळणार आहे?"

खोडायचा त्याला पूर्ण हक्क होता. पेन हातातच होतं. त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, काहीही बदललं नाही, आणि दोन्ही पानांखाली सही केली. खरं नाव लिहायला त्याला जरा वेळ लागला.

हवालदाराने सह्यांवर फुंकर मारायला गेल्यासारखं केलं आणि तोंड उघडत नाही हे आठवून वहीच हलवली. दोन्ही पानं फाडली, नीट घडी घातली आणि कानसेनच्या हातात दिली.

"हवालदार," कानसेन म्हणाला, "तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आलाय," हवालदार दातांतून म्हणाला. "सही होईपर्यंत थांबलो होतो. आता निघा, दादा. पुन्हा इथे येऊ नका."

कानसेनने धाकटीकडे पाहिलं. तिने फरशीवरचं पाणी पुसायला घेतलं होतं. तिने त्याला थांबवलं नाही.